हॉटेलात स्टाफ एंगेजमेंटचं (स्टाफला कामात रमवायचं) काम नव्याने अंगावर आलंय? मग आधी रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) बघा, केक नंतर कापू

हे सगळं अशा लोकांसाठी लिहितोय जे हॉटेल लाइनमध्ये नुकतेच एचआर एक्झिक्युटिव्ह, ट्रेनिंगवाले किंवा एखाद्या डिपार्टमेंटचे सुपरवायझर झालेत आणि ज्यांना जीएमनी (जनरल मॅनेजरनी) सांगितलंय की स्टाफचा मूड डाऊन वाटतोय, काहीतरी फन ॲक्टिव्हिटी करा. मग आपण काय करतो, तर एंगेजमेंट कॅलेंडर बनवायला बसतो, त्यात बर्थडे, रेट्रो डे, ट्रॅडिशनल डे, रांगोळी स्पर्धा भरतो आणि स्टाफ कॅफेटेरियाच्या बोर्डवर लावून टाकतो. त्यात वाईट काही नाही, पण हॉटेलचं काम बाकी ऑफिससारखं नाहीये हो. फ्रंट ऑफिसची मुलगी रूम रेडी नाही म्हणून ओरडणाऱ्या गेस्टसमोरसुद्धा हसते, बँक्वेटचा मुलगा दुसऱ्यांच्या लग्नात रात्री दोनपर्यंत प्लेटा उचलतो आणि तिथेही चेहरा पाडून चालत नाही, म्हणजे हसतमुख राहणं हाच इथे कामाचा भाग आहे, आणि अशा माणसाला शिफ्ट संपल्यावर थांबवून "चला आता नाचा" म्हटलं की ती त्याच्यासाठी अजून एक ड्युटी होते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. झोप, जेवण, सुट्टी आणि मान या चार गोष्टी जागेवर असतील तर मजा फार खर्च न करताही होते, आणि त्या नसतील तर डीजे आणा, केक आणा, लोक फोटोपुरते हसतात आणि लॉकर रूमला जाऊन नवीन नोकरीचं बोलतात. खाली जो क्रम दिलाय तो शक्यतो बदलू नका.

१. पहिले काही दिवस कुठलाच कार्यक्रम ठेवू नका, नुसतं फिरा

लॉबीतून नाही, स्टाफ एंट्रीने आत या. टाइम ऑफिस, लॉकर रूम, युनिफॉर्म रूम, लाँड्री, भांडी घासायची जागा, रिसीव्हिंग, बेसमेंटमधली इंजिनिअरिंगची केबिन, सगळीकडे जा, आणि एकदाच दुपारी जाऊन चालणार नाही, रात्री दोन वाजता पण एकदा जा कारण नाइट शिफ्टचं हॉटेल वेगळंच असतं, तेव्हा एसी बंद असतो, कॅफेटेरियात फक्त थंड झालेला भात असतो आणि चहाचं मशिन रिकामं असतं, हे दिवसा कोणीच सांगत नाही.

फॉर्म वाटू नका. फॉर्मवर सगळे "गुड" लिहितात, कारण सुपरवायझर शेजारी उभा असतो. त्याऐवजी साधे प्रश्न विचारा: काल किती तास झोपलास, मागचा वीक ऑफ खरंच मिळाला का, कॉम्प ऑफ (सुट्टीच्या दिवशी काम केल्याच्या बदल्यातली रजा) किती बाकी आहेत, गावी शेवटचं कधी गेलीस, मेसमध्ये कुठल्या दिवशी जेवत नाहीस. आणि ज्या भाषेत समोरचा मोकळा होईल त्या भाषेत विचारा. आपल्याकडच्या हॉटेलात कोकणातली मुलं असतात, विदर्भ-मराठवाड्यातली असतात, तशी उत्तराखंड, बिहार, ओडिशा, बंगाल, मणिपूर आणि नेपाळचीही असतात, नवीन आलेला मुलगा हिंदीत अडखळतो म्हणून त्याला काही अडचण नाही असं होत नाही. त्याच्या गावचा कोणी सिनियर असेल तर त्याला सोबत घ्या.

जे ऐकलं ते वहीत लिहा, नावं लिहू नका, डिपार्टमेंट आणि तक्रार एवढंच. आठवड्याभरात तुम्हाला दिसेल की सत्तर टक्के गोष्टी फनच्या नाहीतच, त्या रोस्टरच्या आणि जेवणाच्या आहेत. (सत्तर हा अंदाजे बोलायचा आकडा झाला, तुमच्या वहीत तुमचा येईल.)

२. ड्युटी रोस्टर, इथेच अर्धी लढाई आहे

रोस्टर हे एचओडीचं (डिपार्टमेंटच्या प्रमुखाचं) काम, एचआरचं नाही, असं तुम्हाला सांगतील. ऐका, पण महिन्याचे रोस्टर आणि पंचिंगचा (खऱ्या येण्या-जाण्याच्या वेळांचा) रिपोर्ट शेजारी ठेवून बघाच. रोस्टरवर नऊ तास आणि पंचिंगवर तेरा तास असं कुठल्या डिपार्टमेंटला सारखं दिसतंय, ते शोधा. बहुतेक वेळा ते किचन, बँक्वेट किंवा किचन स्टुअर्डिंग (भांडी घासणारं डिपार्टमेंट) निघतं.

कायद्याची किमान माहिती पाहिजेच. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे, तो हॉटेलांनाही लागतो, गोव्यात त्यांचा स्वतःचा १९७३ चा वेगळा कायदा आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी आणि ओव्हरटाइमला दुप्पट दराने पैसे, हे मुद्दे पाठ करून ठेवा. महिलांना रात्रीच्या शिफ्टला लावायचं तर त्यांची संमती आणि घरापर्यंत सुरक्षित पोचवायची सोय लागते. दिवसाच्या तासांचे आणि बाकीचे नियम मध्ये मध्ये बदलतात म्हणून चालू स्थिती तुमच्या लेबर कन्सल्टंटकडून लिहून घ्या.

आता कायद्यापलीकडची गोष्ट. हॉटेलात माणूस सगळ्यात जास्त कशाने मोडतो तर रात्रीचं क्लोजिंग आणि सकाळचं ओपनिंग लागोपाठ लागल्याने. बारचा मुलगा रात्री दीडला सुटला, घरी सोडायची गाडी (ड्रॉप) मिळेपर्यंत अडीच, खोलीवर पोचून झोपेपर्यंत साडेतीन, आणि सकाळी सातला ब्रेकफास्टला हजर. युरोपात दोन शिफ्टच्या मध्ये सलग ११ तासांची विश्रांती कायद्याने द्यावी लागते. आपल्याकडे तेवढं कडक नसलं तरी तुम्ही तुमच्या हॉटेलपुरता हा नियम एचओडींकडून मान्य करून घेऊ शकता, आणि खरं सांगू, यासाठी एक रुपया लागत नाही, फक्त रोस्टर बनवणाऱ्याने दहा मिनिटं जास्त विचार करायला लागतो.

शिफ्ट फिरवायची असेल तर मॉर्निंग, मग आफ्टरनून, मग नाइट अशी पुढे पुढे फिरवा, उलटी नको. शरीराला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जड जातं. नाइटचा प्रश्न हलका घेऊ नका, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं, त्यामुळे एकाच माणसाला "त्याला नाइटच आवडते" म्हणून वर्षानुवर्षं नाइट ऑडिटला (रात्री दिवसाचा हिशोब बंद करायच्या कामाला) ठेवायचं असेल तर निदान त्याला स्वतःला विचारा आणि त्याची तब्येत तपासत राहा. नाइटवाल्यांना एक साधी गोष्ट सांगा की पहाटे चारनंतर चहा-कॉफी बंद, कारण कॅफिनचा अर्धा असर पाच-सहा तासांनंतरही अंगात असतो आणि मग सकाळी आठला पडदे ओढून पडलं तरी झोप लागत नाही.

ब्रेक शिफ्ट हा वेगळा विषय. सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सात ते अकरा, कागदावर आठ तास, पण माणूस बारा तास हॉटेलातच अडकलेला. डोंबिवलीहून किंवा वसईहून येणारा माणूस मधल्या चार तासांत घरी जाऊ शकत नाही. ब्रेक शिफ्ट टाळता येत नसेल तर मधल्या वेळेत आडवं व्हायला एक खोली, चार बंक बेड, पंखा आणि चार्जिंग पॉइंट द्या. तुमच्या सगळ्या फन ॲक्टिव्हिटींपेक्षा या एका खोलीला जास्त दुवा मिळेल.

रोस्टर निदान एक आठवडा आधी लावा, बदल करायचा असेल तर फोन करून विचारा, ग्रुपवर रात्री अकराला नुसता फोटो टाकू नका.

३. स्टाफ कॅफेटेरिया

गेस्टसाठी बारा प्रकारचे ब्रेड आणि स्टाफला पाणीदार डाळ, हे स्टाफ रोज डोळ्याने बघत असतो. त्यामुळे जेवण चांगलं असणं म्हणजे फक्त पोट भरणं नाही, हॉटेल आपल्याला काय समजतं ते त्या ताटात कळतं.

दर डिपार्टमेंटचा एक माणूस घेऊन मेनू कमिटी करा, त्यात स्टुअर्डिंग आणि सिक्युरिटीचा माणूस हवाच. महिन्यातून एकदा अर्धा तास बसा. गोव्यात आणि सिंधुदुर्गात असाल तर आठवड्यात ठरलेल्या दिवशी मासे हवेत हे कोणी वेगळं सांगायला नको, पण श्रावण, नवरात्र, संकष्टी, एकादशी यांचे उपासवाले, रमजानमध्ये रोजा सोडणारे, अंडं न खाणारे, हे सगळे एकाच लाइनमध्ये उभे असतात. साबुदाणा खिचडी उपासाच्या दिवशी वेळेवर तयार असणं किंवा रोजा सोडायच्या वेळी त्या माणसाला टेबलवरून दहा मिनिटं सोडणं आणि खजूर-फळं-सरबत आधीच ठेवणं, याला बजेट लागत नाही, आठवण लागते.

नाइटसाठी वेगळं ताजं काहीतरी करा, डिनरचं उरलेलं गरम करून नको. पोहे, उपमा, अंडा भुर्जी-पाव, गरम सूप, चालेल. रात्री तीनला गरम चहा आणि दोन गरम पाव मिळाले की सिक्युरिटीचा काका आणि ड्युटी मॅनेजर एकाच टेबलवर बसतात.

आणि आता माझी सगळ्यात आवडती ॲक्टिव्हिटी, जी मी प्रत्येक नवीन माणसाला आधी करायला सांगतो: महिन्यातून एकदा "गावचं जेवण". कुठल्याही डिपार्टमेंटचा माणूस, शेफच पाहिजे असं नाही, आपल्या घरचा एक पदार्थ सांगेल आणि कॅफेटेरियाचे कुक त्याच्या देखरेखीत तो बनवतील. सावंतवाडीची रूम अटेंडंट काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या सांगेल, बिहारचा मुलगा लिट्टी-चोखा, नेपाळचा गुंद्रुक, मणिपूरची मुलगी इरोंबा, ओडिशाचा उन्हाळ्यात पखाळ. बोर्डवर त्या माणसाचं नाव, गावाचं नाव आणि पदार्थ लिहा. लोक वाढून घेताना त्याच्याशी बोलतात, आईला व्हिडिओ कॉल लावला जातो, जो मुलगा सहा महिने कोणाशी बोलला नव्हता त्याला दुसऱ्या दिवशी सगळे नावाने हाक मारतात. खर्च रोजच्या जेवणाइतकाच. फक्त प्रमाण आधी कुकबरोबर ठरवा, आणि पदार्थ तिखट किंवा वासाचा असेल तर कोणी नाक मुरडणार नाही हे ब्रीफिंगमध्ये आधीच सांगून ठेवा.

४. ब्रीफिंगची दहा मिनिटं

शिफ्ट सुरू व्हायच्या आधीचं ब्रीफिंग बऱ्याच ठिकाणी नखं, शेव्हिंग, नेम टॅग आणि काल काय चुकलं एवढ्यावर संपतं. रिट्झ-कार्लटन हॉटेलांमध्ये रोजचं लाइन-अप ही जुनी पद्धत आहे, त्यात कंपनीच्या मूल्यांपैकी एखाद्यावर बोलतात आणि स्टाफने केलेल्या चांगल्या कामाच्या गोष्टी सांगतात. तुमचं हॉटेल ४० खोल्यांचं असलं तरी हे जमतं.

पद्धत अशी ठेवा की चूक एकेकट्याला बाजूला घेऊन सांगायची आणि कौतुक सगळ्यांसमोर. आणि कौतुक करताना "गुड जॉब टीम" असं पुसट नको. "काल ५१२ मधल्या आजींचा चष्मा बेडशीटमध्ये गुंडाळून लाँड्रीत गेला होता, रमेशने तीन गाठोडी उघडून तो शोधला" असं सांगा, म्हणजे रमेशला कळतं की कोणीतरी बघतंय.

इथे एक अन्याय नेहमी होतो, तो लक्षात ठेवा. ऑनलाइन रिव्ह्यूमध्ये नाव कोणाचं येतं तर फ्रंट ऑफिस आणि रेस्टॉरंटवाल्यांचं, कारण गेस्ट त्यांनाच बघतो. पातेली घासणारा, चादरी इस्त्री करणारा, प्लंबर, यांचं नाव गेस्टला माहीतच नसतं. जर तुमचा एम्प्लॉयी ऑफ द मंथ रिव्ह्यूवर ठरत असेल तर हे लोक आयुष्यात कधी स्टेजवर येणार नाहीत. ताज ग्रुपमध्ये स्टार्स नावाची पद्धत आहे, त्यात गेस्टबरोबरच सहकाऱ्यांच्या कौतुकाचेही पॉइंट मिळतात, ही कल्पना घेण्यासारखी आहे. लहान हॉटेलात पेटी ठेवा, कार्ड ठेवा, कोणीही कोणाबद्दल दोन ओळी लिहायच्या, ज्याला लिहिता येत नाही त्याने टाइम ऑफिसला तोंडी सांगायचं. बक्षीस म्हणून सर्टिफिकेटपेक्षा एक जादा सुट्टी किंवा घरच्यांसोबत आपल्याच हॉटेलात एक जेवण द्या. स्टुअर्डिंगवाल्याच्या आई-वडिलांना त्याच्याच रेस्टॉरंटमध्ये टेबलवर बसवून वाढलं तर तो माणूस ते विसरत नाही, आणि वाढणारे सहकारीही.

५. आता खेळ आणि कार्यक्रम, पण तारीख ऑक्युपन्सी (किती खोल्या भरल्यात ते) बघून

रिझर्वेशन किंवा रेव्हेन्यूवाल्यांकडून पुढच्या तीन महिन्यांचा फोरकास्ट (बुकिंगचा अंदाज) मागा आणि मगच कॅलेंडर भरा. गोव्यात ख्रिसमसच्या आधीपासून न्यू इयरपर्यंत काहीही ठेवू नका, लोणावळ्यात पावसाळ्याचे शनिवार-रविवार विसरा, महाबळेश्वरला एप्रिल-मे आणि दिवाळी विसरा, पण तिथे जुलै-ऑगस्टच्या धो धो पावसात खोल्या रिकाम्या असतात तेव्हा कॅरम, टेबल टेनिस, ट्रेनिंग, सगळं मनसोक्त करा. पुण्या-मुंबईच्या बिझनेस हॉटेलला उलट, मंगळवार-बुधवार भरलेला आणि रविवार मोकळा, तिथे रविवार धरा. बँक्वेट मोठं असेल तर लग्नाचे मुहूर्त कॅलेंडरवर आधी लाल पेनने मारा.

लाइनमधले काही दिवस तयारच आहेत: सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला इंटरनॅशनल हाउसकीपिंग वीक, २७ सप्टेंबरचा जागतिक पर्यटन दिन, २० ऑक्टोबरचा इंटरनॅशनल शेफ्स डे, आणि ख्रिसमसच्या आधीचं केक मिक्सिंग. हाउसकीपिंग वीकला बेड मेकिंगची रेस सगळेच ठेवतात, मजा येते, पण जे रोज १४-१५ खोल्या करतात त्यांनाच पुन्हा बेड करायला लावण्यापेक्षा एचओडी लोकांना बेड करू द्या आणि रूम अटेंडंटना परीक्षक बनवा. सेल्स मॅनेजर ड्युव्हे कव्हरमध्ये (रजईच्या खोळीत) अडकला की हॉल हसतो आणि त्याला पुढच्या वेळी "दहा मिनिटांत रूम रेडी करा ना" म्हणायच्या आधी विचार येतो. शेफ्स डेला तसंच, किचनवाल्यांना त्या दिवशी कोणीतरी दुसऱ्याने करून वाढा.

काही नियम मात्र पक्के ठेवा.

वीक ऑफच्या दिवशी कोणालाही कार्यक्रमाला बोलावू नका. आला तर आनंद, नाही आला तर एक शब्द नाही. कार्यक्रम शिफ्टच्या वेळेत बसवा, आणि एकच कार्यक्रम दोन-तीनदा करा, मॉर्निंगवाल्यांना सुटताना, आफ्टरनूनवाल्यांना येताना आणि नाइटवाल्यांना रात्री एकला. केकचा शेवटचा तुकडा नाइटसाठी फ्रिजमध्ये ठेवणं म्हणजे नाइटला सामील करणं नाही. कंत्राटी सिक्युरिटी, बँक्वेटचे कॅज्युअल (रोजंदारीवरचे), ट्रेनी, बाहेरच्या एजन्सीचे क्लीनर, सगळे येणार, "ते आपल्या पेरोलवर नाहीत" हे वाक्य तुमच्या तोंडून कधी येऊ देऊ नका. नाचायला, गायला, ड्रेसअप व्हायला जबरदस्ती नाही, ज्याला कडेला बसून बघायचंय तोही भाग घेतोय. फोटो कंपनीच्या पेजवर टाकायच्या आधी विचारा, काही मुलींच्या घरी हे चालत नाही आणि ते त्यांनी कारणासकट तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

क्रिकेट तर होणारच, टर्फवर डिपार्टमेंट विरुद्ध डिपार्टमेंट. पण फक्त क्रिकेट ठेवलं तर मुलगे खेळतात आणि मुली टाळ्या वाजवतात, म्हणून सोबत कॅरम, अंताक्षरी, लंगडी, थ्रोबॉल असं काहीतरी ठेवा आणि वेळ अशी ठेवा की शेवटची लोकल किंवा एसटी चुकणार नाही.

स्टाफ पार्टीत दारूचं काय, हा प्रश्न गोव्यात हमखास येतो. माझं मत स्पष्ट आहे, फुकट ओपन बार नको. या लाइनमध्ये दारू हाताशी असते, ताण असतो, रात्री उशिरा सुटणं असतं, त्यातून सवय लागलेली चांगली चांगली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. चांगलं जेवण, चांगलं म्युझिक आणि घरी सोडायला गाडी, एवढं पुरे.

६. सण, म्हणजे सुट्ट्यांची खरी परीक्षा

लोक सणाला कामावर असतात तेव्हा हॉटेल भरलेलं असतं, हे आपल्या धंद्याचं दुखणंच आहे. गणपतीला कोकणातला माणूस मुंबईत थांबत नाही, गोव्यात चवथीला (गणेश चतुर्थीला) घर सोडून कोणी ड्युटीवर येत नाही, आणि त्याला जबरदस्तीने थांबवलं तर तो सिक टाकून जातो, कधी कधी राजीनामा देऊन जातो.

यावर उपाय म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच एक मोठा तक्ता लावा आणि प्रत्येकाला विचारा की तुझा एक सण कुठला, ज्याला तुला घरी असायलाच हवं. कोकणवाला गणपती सांगेल, बंगालचा दुर्गापूजा, नेपाळचा दशैं, बिहारचा छठ, गोव्याचा ख्रिश्चन मुलगा ख्रिसमस, मुसलमान सहकारी ईद, आसामचा बिहू. मग लोक आपापसांतच अदलाबदल करतात, छठला जाणारा गणपतीत डबल जबाबदारी घेतो आणि कोकणवाला छठला त्याची जागा धरतो. सगळं बोर्डवर उघड असल्यामुळे "त्याला मिळाली मला नाही" हे कमी होतं. एकाच सणाला जास्त लोक असतील तर सगळ्यांसमोर चिठ्ठी काढा आणि यंदा राहिलेल्याचा पुढच्या वर्षी पहिला नंबर लावा.

आणि सुट्टी मंजूर केव्हा करायची, तर रेल्वेचं रिझर्वेशन उघडायच्या आधी. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, गणपतीत कोकण रेल्वेच्या गाड्या त्या सकाळी काही मिनिटांत भरतात, त्यामुळे वीस दिवस आधी "हो जा" सांगण्याला काहीच अर्थ नाही. ज्यांना तिकीट काढता येत नाही त्यांना एचआरच्या कॉम्प्युटरवर बसवून मदत करा, हे पण एंगेजमेंटच आहे.

जे सणाला थांबले त्यांच्यासाठी हॉटेलात आरती, मोदक, घरच्यांना फोन करायला निवांत अर्धा तास. ३१ डिसेंबरला सगळं हॉटेल उभं असतं, त्यामुळे स्टाफचं न्यू इयर जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात करा आणि त्याची तारीख डिसेंबरमध्येच सांगून ठेवा.

७. कंबर, पाय, हात, उष्णता

याबद्दल थोडक्यात, कारण गोष्टी साध्या आहेत, फक्त कोणी करत नाही. किंग साइज गादी एकट्याने उचलायला लावू नका, जोडीने बेड करा. हाउसकीपिंगच्या ब्रीफिंगला पाच मिनिटं स्ट्रेचिंग, सुरुवातीला एखाद्या फिजिओथेरपिस्टला बोलावून शिकून घ्या. तासन्‌तास उभ्या राहणाऱ्यांना स्वस्त कडक बूट देऊन पैसे वाचवू नका. एप्रिल-मेमध्ये किचन आणि लाँड्रीत ताक, लिंबू सरबत, ओआरएस भरलेलं ठेवा आणि पाणी प्यायला जाणाऱ्याला कोणी हटकणार नाही असं शेफकडून बोलून घ्या. स्टुअर्डिंगला केमिकलचे ग्लोव्हज फाटले की लगेच नवीन. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमाने होतेच, तेव्हा डॉक्टर आलेलेच असतात तर बीपी, शुगर, डोळे सगळ्या स्टाफचे तपासून घ्या.

स्टाफ क्वार्टर असेल, गोव्यात आणि हिल स्टेशनला असतातच, तर खोल्या डिपार्टमेंटप्रमाणे नाही, शिफ्टप्रमाणे वाटा. नाइटवाला झोपलेला असताना त्याच खोलीत मॉर्निंगवाल्याचा अलार्म आणि आफ्टरनूनवाल्याची रील चालू असेल तर तो माणूस महिन्याभरात चिडचिडा होतो आणि आपण म्हणतो त्याचा ॲटिट्यूड खराब आहे.

८. गेस्टकडून होणारा त्रास

गेस्ट देव आहे हे ठीक, पण देवासारखं वागला तर. शिवीगाळ, अंगाला हात लावणं, रूममध्ये अर्धवट कपड्यात दार उघडणं, हे घडतं, आणि नवीन मुलगी ते कोणाला सांगत नाही कारण तिला वाटतं आपल्यालाच बोलतील. पहिल्याच दिवशीच्या इंडक्शनमध्ये तिला सांगा की असं काही वाटलं तर काम अर्धवट सोडून बाहेर यायचं, ट्रॉली तशीच राहू दे, सुपरवायझरला फोन करायचा, आणि कोणी तुला एक प्रश्न उलटा विचारणार नाही. मग सुपरवायझर आणि ड्युटी मॅनेजर लोकांनाही तेच शिकवा, त्यांचं शिकणं जास्त महत्त्वाचं. अमेरिकेत शिकागोने २०१७ मध्ये हॉटेलात एकट्याने खोल्या करणाऱ्यांना पॅनिक बटण (दाबलं की मदत येते असं) द्यायचा नियम केला, आपल्याकडे बटण नसलं तरी वॉकी-टॉकी आणि दोघांची जोडी करता येते.

दहा किंवा जास्त लोक असलेल्या प्रत्येक ठिकाणी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असावीच लागते, तक्रार साधारण तीन महिन्यांत द्यायची असते आणि त्रास देणारा गेस्ट असला तरी मालकाची जबाबदारी संपत नाही. समितीतल्या लोकांची नावं आणि नंबर महिलांच्या लॉकर रूममध्ये मराठी-हिंदीत लावा, एचआरच्या फाइलमध्ये ठेवून उपयोग नाही.

मोठा प्रसंग झाल्यावर, समजा गेस्ट दगावला किंवा आग लागली, त्या शिफ्टच्या लोकांना लगेच पुढच्या टेबलला पाठवू नका. बसवा, चहा द्या, बोलू द्या. मनाचा त्रास जास्त वाटला तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. नंबर नेम टॅगच्या मागे छापून द्या म्हणजे मागायला कोणाकडे जावं लागत नाही.

९. जीएमला काय दाखवायचं

फोटो तर मागतीलच, द्या. पण सोबत एका पानावर आकडे द्या: पहिल्या तीन महिन्यांत सोडून गेलेले किती, बाकी कॉम्प ऑफ किती, ११ तासांची विश्रांती किती वेळा मोडली, सिक लीव्ह कुठल्या डिपार्टमेंटला वाढली, कॅफेटेरियात किती अन्न ताटात उरलं, आणि कार्यक्रमाला न बोलावता किती आले. दर महिन्याला हेच पान, हेच मुद्दे, म्हणजे फरक दिसतो. नवीन माणूस शोधणं, युनिफॉर्म, ट्रेनिंग, तोपर्यंत बाकीच्यांचा ओव्हरटाइम, याचा हिशोब फायनान्सवाल्यांबरोबर बसून एकदा काढा, बंक बेडची खोली आपोआप मंजूर होते.

आणि जे सोडून चाललेत त्यांच्याशी बोला, पण शेवटच्या दिवशी क्लिअरन्सच्या रांगेत नाही, आठवडाभर आधी, कॅफेटेरियात चहा घेऊन. "का सोडतोयस" विचारलं की सगळे "बेटर ऑपॉर्च्युनिटी" म्हणतात. त्याऐवजी विचारा की सोडायचा विचार पहिल्यांदा मनात कुठल्या दिवशी आला. तो दिवस बहुतेकांना नीट आठवतो, त्या दिवशी कुठला तरी वीक ऑफ कापलेला असतो, कोणीतरी सगळ्यांसमोर ओरडलेलं असतं किंवा बहिणीच्या लग्नाची सुट्टी नाकारलेली असते. ते वहीत लिहा आणि पुढच्या सोमवारच्या एचओडी मीटिंगला, नाव न घेता, वाचून दाखवा.